मोठ्या वर्कस्टेशन मदरबोर्डसाठी कॅबिनेट कसं निवडायचं

दोन प्रोसेसरचा किंवा थ्रेडरिपर प्रोचा (एएमडीचा वर्कस्टेशन प्रोसेसर) बोर्ड घ्यायचं ठरलं की सगळा वेळ प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड ठरवण्यात जातो. कॅबिनेट सगळ्यात शेवटी, ‘ई-एटीएक्स (मोठ्या बोर्डाचा एक आकार) चालतं’ एवढं वाचून मागवलं जातं. मग बोर्ड ट्रेवर, म्हणजे तो बसवायच्या पत्र्यावर, ठेवला की एकेक गोष्ट दिसायला लागते. बोर्डाची पुढची कड केबलच्या भोकांवर चढलेली असते, डिस्क जोडायचे साटा पोर्ट ड्राइव्ह केजच्या (डिस्कच्या पिंजऱ्याच्या) पत्र्याला टेकलेले असतात, आणि एखाद-दुसरा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब) अशा जागी असतो जिथे बोर्डाला भोकच नाही. यातली शेवटची चूक बोर्ड जाळू शकते.

या लेखात क्रम उलटा धरला आहे: आधी बोर्डाचा नकाशा, मग त्याच्याभोवती लागणारी जागा, आणि त्यानंतरच कॅबिनेटचं मॉडेल. इतक्या महागाच्या बोर्डासाठी एक संध्याकाळ फूटपट्टी घेऊन बसणं अगदी योग्य आहे.

पहिली पायरी: नावावर जाऊ नका, मिलिमीटर पाहा

साध्या एटीएक्स बोर्डाचं माप ठरलेलं आहे: ३०५ × २४४ मिमी. गोंधळ त्याच्या पुढे सुरू होतो. ई-एटीएक्स म्हणजे मुळात ३०५ × ३३० मिमी, म्हणजे १२ × १३ इंच. पण गेमिंगच्या वर्गातले बरेच बोर्ड २४४ पेक्षा जरा रुंद झाले की त्यांनाही ई-एटीएक्स म्हटलं जातं. आसूसचा आरओजी झेनिथ एक्स्ट्रीम ई-एटीएक्स म्हणून विकला गेला, त्याची रुंदी २७७ मिमी. आसूसचाच प्रो डब्ल्यूएस डब्ल्यूआरएक्स८०ई-सेज हाही ई-एटीएक्स, पण त्याचं माप ३१० × ३३० मिमी. एकच नाव आणि रुंदीत ५३ मिमीचा फरक.

कॅबिनेट बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे, त्यामुळे चांगल्या कंपन्या नावापुढे मर्यादा लिहितात. फ्रॅक्टल डिझाइनच्या डिफाइन ७ च्या माहितीत ई-एटीएक्स कमाल २८५ मिमी असं स्पष्ट दिलेलं आहे. म्हणजे झेनिथ त्यात बसेल, सेज बसणार नाही. त्याच मालिकेतल्या डिफाइन ७ एक्सएलमध्ये मात्र एसएसआय-ईईबी या सर्व्हर बोर्डांच्या मोठ्या आकाराची सोय आहे. फॅन्टेक्स एन्थू प्रो २ हेही एसएसआय-ईईबी घेणारं कॅबिनेट. ज्या कॅबिनेटच्या माहितीत ई-एटीएक्सपुढे आकडाच नसेल, तिथे मर्यादा २७२ ते २८० मिमीच्या आसपास आहे असं धरून चाला आणि कंपनीला लिहून विचारा.

बाकीची मापं थोडक्यात. एसएसआय-सीईबी ३०५ × २६७ मिमी, एसएसआय-ईईबी ३०५ × ३३० मिमी, ईई-एटीएक्स ३४७ × ३३० मिमी. एक्सएल-एटीएक्सला ठरलेलं मापच नाही. ज्याने त्याने आपापलं वापरलं. एचपीटीएक्स हा ईव्हीजीएच्या २०१० मधल्या एसआर-२ या दोन प्रोसेसरच्या बोर्डाबरोबर आलेला आकार, ३४५ × ३८१ मिमी. इंटेलच्या झिऑन डब्ल्यू-३१७५एक्ससाठी आसूसने काढलेला डॉमिनस एक्स्ट्रीम १४ × १४ इंचांचा चौकोन आहे, आणि त्याच्या माहितीत मात्र ईईबी लिहिलेलं असतं. म्हणजे ईईबी हा शब्द वाचूनही मिलिमीटर पाहावेच लागतात.

सुपरमायक्रोच्या काही बोर्डांपुढे आकार म्हणून ‘प्रोप्रायटरी’ लिहिलेलं असतं. तो बोर्ड त्याच कंपनीच्या ठराविक चॅसिससाठी बनलेला असतो, आणि सामान्य कॅबिनेटमध्ये तो बसवायचा तर पत्रा कापायची तयारी हवी. जुन्या ब्रँडेड वर्कस्टेशनमधून काढलेल्या बोर्डांबाबत तर माझं मत ठाम आहे: त्यांच्या नादी लागू नये. भोकांच्या जागा वेगळ्या, पॉवरचा कनेक्टर वेगळा, फ्रंट पॅनलची जोडणी वेगळी. इतक्या ठिकाणी जुगाड केल्यावर त्या मशीनवर रात्रभर रेंडर लावून निवांत झोप लागत नाही.

दुसरी पायरी: भोकांचा नकाशा

हा भाग सगळ्यात कमी वाचला जातो आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून इथे जरा थांबू.

ई-एटीएक्स आणि एसएसआय-ईईबी या दोन्ही बोर्डांचं बाहेरचं माप सारखंच आहे, पण स्क्रूची सगळी भोकं एकमेकांशी जुळत नाहीत. काही जुळतात, काही सरकलेली असतात. त्यामुळे ‘३०५ × ३३० चालतं’ एवढ्यावर खात्री मानता येत नाही. ट्रेमध्ये ईईबीच्या जागी स्टँडऑफ लावायची सोय आहे का, हे वेगळं तपासावं लागतं.

बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा भोकांच्या अंतरांसह आकृती असते. ती घ्या आणि जाड पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचा बोर्ड कापा. मागची कड, म्हणजे यूएसबी आणि नेटवर्कच्या पोर्टची बाजू, आधी ठळक करा, कारण सगळी मापं तिथूनच घ्यायची आहेत. भोकांच्या जागी टोच्याने छिद्रं पाडा. त्यावर प्रोसेसरचं सॉकेट, रॅमच्या पट्ट्या, २४ पिनांचा पॉवर कनेक्टर, प्रोसेसरच्या पॉवरचे ८ पिनांचे कनेक्टर, साटा पोर्ट, यूएसबी हेडर आणि पीसीआय एक्सप्रेसचे स्लॉट पेनने काढा. आकृतीत अंतरं नसतील तर बोर्डाचा सरळ वरून घेतलेला फोटो ३३० मिमी रुंदीला छापला तरी काम भागतं, फक्त छापल्यावर फूटपट्टी लावून खात्री करा. कॅबिनेट हाताशी असेल तर हा पुठ्ठा ट्रेवर ठेवला की पाच मिनिटांत निकाल लागतो. कॅबिनेट अजून घ्यायचं असेल तर त्याच्या मॅन्युअलमधल्या स्टँडऑफच्या आकृतीशी तो ताडून पाहा.

जुळवताना दोन प्रश्न विचारायचे. बोर्डाच्या प्रत्येक भोकाखाली स्टँडऑफ आहे का? आणि ट्रेवरच्या प्रत्येक स्टँडऑफच्या वर भोक आहे का? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. भोकाखाली आधार नसेल तर बोर्ड तिथे थोडा वाकेल. पण भोक नसलेल्या जागी पितळी स्टँडऑफ उभा राहिला तर तो बोर्डामागच्या सोल्डरच्या टोकांना टेकतो, आणि सुरू करताच शॉर्ट होतो. काही कॅबिनेटमध्ये स्टँडऑफ ट्रेच्या पत्र्यातच उठवलेले असतात, ते काढता येत नाहीत. मोठ्या बोर्डासाठी अशी कॅबिनेट यादीतून वगळलेली बरी, जोपर्यंत तो प्रत्येक उठाव तुमच्या भोकाखाली येतो याची खात्री नाही.

ट्रेवर नवीन स्टँडऑफ लावायची वेळ आलीच, तर आट्यांचा विचार करा. कॅबिनेटमध्ये ६-३२ आणि एम३ असे दोन प्रकारचे स्क्रू असतात. ६-३२ चे आटे जाड, साधारण ०.७९ मिमी अंतराचे. एम३ चे बारीक, ०.५ मिमीचे. ट्रेचा पत्रा १ मिमी किंवा त्याहून पातळ असतो. म्हणजे ६-३२ चा जेमतेम एक आटा पत्र्यात बसतो, एम३ चे दोन. म्हणून पातळ पत्र्यात थेट आटे पाडायचे तर एम३ घ्या: २.५ मिमीचं ड्रिल, मग टॅप. माझी पसंती मात्र आरपार भोक पाडून मागून नट लावण्याला आहे. तो स्टँडऑफ वर्षानुवर्षं हलत नाही. नव्या स्टँडऑफची उंची आधीच्या स्टँडऑफइतकीच हवी, नाहीतर बोर्ड तिरका बसेल. ड्रिल मारण्याआधी कॅबिनेट पूर्ण रिकामं करा, पंखेसुद्धा काढा, आणि नंतर धातूचा कीस व्हॅक्यूमने ओढून ओल्या फडक्याने पुसा. पंख्याच्या वाऱ्याबरोबर उडून रॅमच्या स्लॉटमध्ये पडलेला एक कण शोधायला फार अवघड जातो.

ज्या भोकाखाली काहीच करता येत नाही, तिथे त्याच उंचीचा नायलॉनचा स्टँडऑफ चिकटपट्टीने ट्रेवर बसवा. तो स्क्रूने आवळलेला नसला तरी आधार देतो. पुढच्या कडेला याची खास गरज असते, कारण २४ पिनांचा कनेक्टर बहुधा तिथेच असतो आणि तो दाबून बसवताना बराच जोर लागतो. खाली पोकळी असेल तर ३३० मिमीचा बोर्ड डोळ्यांना दिसेल इतका वाकतो.

तिसरी पायरी: बोर्डाच्या पुढे किती जागा लागते

आता मोजमाप. कॅबिनेटच्या मागच्या भिंतीच्या आतल्या बाजूपासून समोर पहिला अडथळा येईपर्यंतचं अंतर घ्या. अडथळा म्हणजे समोरचा पत्रा किंवा न निघणारी ड्राइव्ह केज; पंखा आणि रेडिएटर (पाण्याच्या कूलिंगची जाळी) खाली वेगळे धरले आहेत. बोर्ड ३३० मिमी. त्यापुढे साटाचे पोर्ट आडवे असतील तर प्लग आणि केबलचं वळण मिळून किमान ३० मिमी. समोरचा पंखा २५ मिमी. समोर रेडिएटर लावायचा असेल तर आणखी ३० मिमी. बेरीज ४१५ मिमी. पंख्यांवर भागत असेल तर ३८५.

‘ग्राफिक्स कार्ड ४३० मिमीपर्यंत’ असं वाचून निश्चिंत होऊ नका. ते माप कार्डाच्या उंचीवरचं असतं, बोर्डाच्या पातळीवरचं नव्हे. वर ४३० मिमी मोकळं असतं, पण खाली ट्रेला लागून केबल झाकायची उभी पट्टी २९० मिमीवरच उभी असते. ती पट्टी स्क्रू काढून वेगळी होते का, हे आधी पाहा. उलट बाजूने पाहिलं तर या बोर्डांवर कार्डाची लांबी सहसा अडचण ठरतच नाही. आरटीएक्स ए६००० फक्त २६७ मिमी लांब आहे, म्हणजे बोर्डापेक्षा आखूड.

केबलची भोकं बोर्डाखाली झाकली गेली तर २४ पिनांची जाड केबल कुठून येणार? ट्रेच्या पुढच्या कडेला दुसरी रांग असलेली कॅबिनेट यासाठीच शोधावीत. वर्कस्टेशन बोर्डांवर कनेक्टर नेहमीच्या जागी असतीलच असं नाही; कधी २४ पिनांचा कनेक्टर खालच्या कडेला असतो, कधी प्रोसेसरच्या पॉवरचा एक कनेक्टर दोन सॉकेटच्या मध्ये. तुमचा पुठ्ठा इथे पुन्हा उपयोगी पडतो.

उंचीकडेही बघा. ३०५ मिमीपेक्षा उंच बोर्डाचा जादा भाग वर जातो की खाली, हे पोर्टच्या खिडकीवरून मोजून ठरतं. खाली जात असेल तर एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, झाकणाला अडतो. झाकणाला अडत नसला, तरी खालच्या कडेचे यूएसबी आणि फ्रंट पॅनलचे प्लग बसवायला बोट जाईल इतकी, म्हणजे २५ मिमी तरी जागा सुटली पाहिजे. वर जात असेल तर छताच्या रेडिएटरशी टक्कर होते: ३० मिमीचा रेडिएटर आणि २५ मिमीचा पंखा मिळून ५५ मिमी खाली उतरतात, आणि नेमके तिथेच ८ पिनांचे कनेक्टर असतात.

बोर्डामागे प्रोसेसरच्या जागी ट्रेला जी मोठी खिडकी असते, तिची काळजी करू नका. एलजीए ३६४७, एसपी३, एसडब्ल्यूआरएक्स८ यांसारख्या सॉकेटची बॅकप्लेट बोर्डावरच बसवलेली येते आणि कूलर समोरून आवळला जातो.

चौथी पायरी: स्लॉट मोजा, एक जास्तीचा धरा

पीसीआय स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिमी. एटीएक्स उंचीच्या बोर्डावर सात स्लॉट मावतात, आणि साध्या कॅबिनेटला मागे तेवढ्याच पट्ट्या असतात. आता समजा, दोन स्लॉट जाडीची चार कार्डं लावायची आहेत. ती १, ३, ५ आणि ७ क्रमांकावर बसतात. सातवरचं कार्ड आठव्या जागेत शिरतं. सात पट्ट्यांच्या कॅबिनेटमध्ये तिथे पत्रा आहे, त्यामुळे शेवटचं कार्ड लागतच नाही. म्हणून आजच्या घडीला एकच कार्ड लावणार असाल तरी या वर्गात आठ पट्ट्यांचं कॅबिनेट घ्या. पुढे कार्डं वाढवायची नाहीत तर एवढा मोठा बोर्ड घेण्यात फारसा अर्थ उरत नाही.

शेवटच्या कार्डाच्या खाली हवा ओढायला एका स्लॉटएवढी तरी मोकळी जागा हवी. आणि चार कार्डं चिकटून लावायची असतील तर मागून हवा फेकणारी, ब्लोअर प्रकारचीच घ्या. तीन पंख्यांची उघडी कार्डं एकमेकांची गरम हवा पीत राहतात.

रुंदीची गोष्ट कार्डाच्या पॉवर केबलशी जोडलेली आहे. आरटीएक्स ४०९० च्या मूळ आवृत्तीची उंची १३७ मिमी. त्यावर नवा १६ पिनांचा कनेक्टर असेल तर केबल पहिले ३५ मिमी तरी सरळ जाऊ द्यावी, मग वळवावी. काचेने ती दाबली जाणार असेल तर कॅबिनेट बदला; तो कनेक्टर नीट बसला नाही की वितळल्याची उदाहरणं आहेत.

पाचवी पायरी: कूलर आणि हवेची दिशा

थ्रेडरिपर प्रो ३९९५डब्ल्यूएक्स २८० वॅट, ७९९५डब्ल्यूएक्स ३५० वॅट. एवढी उष्णता एका जागी निघते म्हटल्यावर कूलर मोठाच लागतो. नॉक्टुआचा एनएच-यू१४एस टीआर४-एसपी३ हा १६५ मिमी उंच आहे. रॅक प्रकारचं ४यू कॅबिनेट घ्यायचा विचार असेल तर लक्षात घ्या, ४यू म्हणजे बाहेरून १७७.८ मिमी, स्टँडऑफ, बोर्ड आणि सॉकेटची उंची वजा केली की हा कूलर मावत नाही. तिथे १२५ मिमी उंचीचा एनएच-यू९ टीआर४-एसपी३ चालतो, पण ३५० वॅटच्या प्रोसेसरवर तो टाकायचं धाडस मी करणार नाही.

सर्व्हरकडून आलेल्या काही एपिक (एएमडीचा सर्व्हर प्रोसेसर) बोर्डांवर सॉकेट ९० अंशांनी फिरवलेलं असतं. मग कूलर समोरून मागे हवा ढकलण्याऐवजी खालून वर ढकलतो. अशा वेळी छताला जाळी आणि पंखे असलेलं कॅबिनेट घ्या. समोर भरपूर पंखे आणि वर बंद पत्रा, अशा कॅबिनेटमध्ये तो बोर्ड घुसमटेल.

पाण्याचं कूलिंग लावणाऱ्यांनी एक धोका ओळखून ठेवावा. सर्व्हर आणि वर्कस्टेशन बोर्डांवरचे छोटे हीटसिंक, म्हणजे व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग), १० गिगाबिट नेटवर्क आणि चिपसेट यांवरचे, समोरून सतत वारा वाहतोय असं गृहीत धरून बसवलेले असतात. प्रोसेसरचा कूलर काढून पाणी लावलं की बोर्डाजवळचा वारा थांबतो. प्रोसेसर ६० अंशांवर खुशीत असतो आणि नेटवर्कची चिप मात्र १०० च्या पुढे सरकते. समोरच्या तीन पंख्यांपैकी एक तरी थेट रॅमच्या रांगेवर येईल असं कॅबिनेट निवडलं की हा प्रश्न बराचसा मिटतो.

सहावी पायरी: एसएमपीएस आणि बारीकसारीक जोडण्या

एसएमपीएस १२०० वॅटच्या पुढे गेला की त्याची लांबी १८० मिमीपासून २२५ मिमीपर्यंत असू शकते. त्यामागे केबल वळायला आणखी ६०-७० मिमी धरा, आणि तळाला ड्राइव्ह केज असेल तर तो हलतो का पाहा. दोन प्रोसेसरच्या बोर्डाला ८ पिनांचे किमान दोन कनेक्टर लागतात. एसएमपीएस खाली आणि हे कनेक्टर बोर्डाच्या माथ्यावर, मध्ये ट्रेमागून फेरा. सुमारे ६५० मिमीची केबल मोठ्या टॉवरमध्ये कमी पडते, तेव्हा दोऱ्याने मार्ग मोजून घ्या.

फ्रंट पॅनलचे पिन सर्व्हर बोर्डांवर वेगळ्या क्रमाने असतात. कॅबिनेटचा प्लग एकसंध असेल तर तो थेट बसत नाही. सुट्या दोन-दोन पिनांचे प्लग असलेलं कॅबिनेट इथे सोयीचं. ऑडिओचा हेडर बोर्डावर नसण्याची शक्यता धरा. समोरचा टाइप-सी पोर्टही कित्येकदा नुसता शोभेला राहतो.

सातवी पायरी: बसवताना

बोर्ड उचलताना हीटसिंकला धरू नका, कडांना धरा. ट्रेवरचे स्टँडऑफ मोजा, बोर्डाची भोकं मोजा. आकडे जुळले की मगच बोर्ड आत. सगळे स्क्रू आधी सैल लावा. मग एक ग्राफिक्स कार्ड पहिल्या आणि शेवटच्या स्लॉटमध्ये आळीपाळीने घालून त्याची पट्टी मागच्या पत्र्याला सरळ टेकते का पाहा. टेकत नसेल तर बोर्ड किंचित सरकवा. सगळं ओळीत आल्यावर मधल्या स्क्रूपासून कडेकडे आवळत जा.

मशीन सुरू केल्यावर पंखे एकदम जोरात फिरतात, शांत होतात, पुन्हा जोरात फिरतात, असं चक्र लागलं तर घाबरू नका. रिमोट व्यवस्थापनाची बीएमसी चिप असलेल्या बोर्डांवर हे हमखास दिसतं. सर्व्हरचे छोटे पंखे हजारो फेऱ्यांनी फिरतात, तुमचा १४० मिमीचा पंखा ४००-५०० फेऱ्यांवर आला की बीएमसीला तो बंद पडल्यासारखा वाटतो आणि ती सगळे पंखे पूर्ण वेगाने सोडते. आयपीएमआयटूल या बीएमसीला आज्ञा देणाऱ्या प्रोग्राममधून पंख्याची खालची मर्यादा १०० ते ३०० फेऱ्यांवर आणली की आवाज थांबतो.

मग खरी परीक्षा. प्रोसेसर आणि सगळी ग्राफिक्स कार्डं एकाच वेळी पूर्ण भारावर तासभर चालवा, बाजूचं झाकण लावून. तापमानं लिहून घ्या: प्रोसेसर, व्हीआरएम, रॅम, नेटवर्क चिप, प्रत्येक कार्ड. झाकण काढा आणि तेच पुन्हा करा. फरक तीन-चार अंशांचा असेल तर कॅबिनेट नीट श्वास घेतंय. दहाच्या वर गेला तर आधी समोरची धूळजाळी काढून पाहा, नंतर रिकाम्या ड्राइव्ह केज बाहेर काढा, आणि तरी फरक उरला तर तळाला, शेवटच्या कार्डाच्या खाली, आत हवा ढकलणारा एक पंखा वाढवा. झाकण काढल्यावर एखादी चिप उलट जास्त तापली तर तिथली हवा झाकणामुळेच दिशेने वाहत होती; अशा मशीनचं झाकण दुरुस्तीपुरतंच उघडं ठेवा.